शेअर सर्टिफिकेटवर दादाचं नाव, पण घर कुणाचं?

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यात कर्वेनगरला आम्ही बारा वर्षं भाड्यानं राहतोय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे, मिस्टर खासगी कंपनीत. आता याच भागात १९९१ सालच्या एका सोसायटीतला वन बीएचके ६२ लाखांना मिळतोय. विकणारे गृहस्थ साठीचे आहेत. फ्लॅट त्यांच्या वडिलांनी बिल्डरकडून स्वतःच्या पैशानं घेतला होता. वडील २०१९ मध्ये वारले. मुलाला त्यांनी नॉमिनी केलं होतं, म्हणून सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढवलंय. आई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. एक बहीण नागपूरला दिलेली. एजंट म्हणतो, "तिचं लग्न ९२ सालचं. ९४च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नसतो. तरी तुमच्या समाधानासाठी पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून तिची सही आणून देतो." मूळ करारनामा हरवलाय, फक्त झेरॉक्स आहे. करार ५४ लाखांचा करायचा आणि ८ लाख रोख द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीचे सेक्रेटरी एनओसीसाठी दीड लाख बिल्डिंग फंड मागतायत. शनिवारी २ लाख टोकन दिलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. मिस्टरांनी पीएफ काढून ठेवलाय. देऊ का?

– एक वाचक, कर्वेनगर

प्रिय ताई,

शनिवारी टोकन देऊ नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्ही निवांत वाचाल. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्यालाही याच सगळ्यातून जावं लागणार आहे.

आता त्या शेअर सर्टिफिकेटकडे बघू. वकिली सुरू करून मला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. बाईंनी कापडी पिशवीतून लॅमिनेट केलेलं शेअर सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता, त्यात शेवटच्या ओळीत त्यांचं नाव, शेजारी सोसायटीचा गोल शिक्का. मग पिशवीतून दुसरा कागद निघाला, दिवाणी कोर्टाचं समन्स. ज्यांच्याकडून घर घेतलं होतं त्यांच्या बहिणीनं वाटपाचा दावा लावला होता. बाई सर्टिफिकेटवर बोट ठेवून मला पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "पण हे बघा ना, नाव आहे." दावा आठ वर्षं चालला आणि तडजोडीत मिटला. म्हणजे बहिणीच्या हिश्शाचे पैसे या जोडप्यानंच भरले. घराचा एक तृतीयांश भाग त्यांनी दोनदा विकत घेतला. त्या बहिणीचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तुमचं पत्र वाचताना मला तो लॅमिनेट केलेला कागद आठवला.

शेअर सर्टिफिकेट एवढंच सांगतं की सोसायटीच्या दप्तरी सभासद कोण आहे. सभासद गेल्यावर मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावानं काढायचं, सभेची नोटीस कुणाला द्यायची, हे सोसायटीला कळायला हवं, म्हणून नॉमिनी. मालक कोण हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यात वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घ्यायचं असं स्पष्ट आहे. हे फक्त घरापुरतंही नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की शेअर्सच्या बाबतीतसुद्धा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी वारसांच्या वतीनं सांभाळतो.

मग मालक कोण? आधी विचारा, वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का. केलं असेल तर त्यात काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून, आणि मग ते मृत्युपत्र तुमच्या वकिलांना वाचू द्या. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा नाही असं धरून पुढे लिहिते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्याची स्वकष्टार्जित मिळकत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, अशा सगळ्यांना समान जाते. इथे आई, मुलगा आणि मुलगी. तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. म्हणजे ६२ लाखांच्या या घरात तुमच्याशी बोलणारे गृहस्थ साधारण २० लाख ६७ हजारांचे मालक आहेत. उरलेले ४१ लाखांहून जास्त दोन बायकांचे आहेत आणि त्यांतल्या एकीशीही तुमचं अजून बोलणं झालेलं नाही.

एजंटनं जे ९४ साल सांगितलं ते त्यानं मनानं काढलेलं नाही, आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत सहदायक, म्हणजे जन्मापासूनच्या वाटेकरी केलं आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं, हे खरं. पण पुढे २००५ मध्ये केंद्रानं कायदा बदलला, त्यात लग्न कधी झालं याला काही अर्थ उरला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मानंच मिळतो असं सांगून उरलेली शंकाही मिटवली. आणि तुमच्या बाबतीत तर हा सगळा इतिहास लागूच होत नाही, कारण हा फ्लॅट वडिलोपार्जित नाही. वडिलांनी स्वतःच्या पैशानं घेतलाय. अशा मिळकतीत लेकीचा हिस्सा १९५६ पासून आहे, लग्न ९२ साली झालेलं असो की त्याच्याही आधी. "तिला लग्नात दिलंय सगळं," असंही तुम्हाला ऐकायला मिळेल. लग्नात दागिने घातले, जेवणावळी घातल्या म्हणून वारसाहक्क फिटत नाही.

मग नोटरीचा कागद. पाचशेच्या स्टॅम्पवर "माझी काही हरकत नाही" असं लिहून नोटरीचा लाल शिक्का मारला की काम झालं, हा समज इतका घट्ट बसलाय की तो मोडताना मी थकत नाही, थकून चालणारही नाही. सही करणारी व्यक्ती तीच आहे, एवढंच नोटरी सांगतो. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोंदणी नसलेल्या कागदानं बहिणीचा हक्क तसूभरही हलत नाही. आणि ती उद्या कोर्टात म्हणाली की "दादानं सह्या घेतल्या, काय लिहिलंय ते वाचायला दिलं नाही," तर तुम्ही काय दाखवणार?

यातून दोन वाटा निघतात. एक, आई आणि बहीण मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतात आणि मग तो एकटा तुम्हाला विकतो. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, म्हणून एजंटलोक ही वाट पसंत करतात. दुसरी वाट, तिघंही तुमच्या दस्तावर विक्रेते म्हणून सह्या करतात आणि प्रत्येकाच्या हिश्शाचा चेक त्याच्या त्याच्या खात्यावर जातो.

मी तुम्हाला दुसरी वाट घ्यायला सांगेन. कायद्यानं दोन्ही चालतात. पण दुसऱ्या वाटेत बहीण स्वतःच्या डोळ्यांनी किंमत वाचते, स्वतःच्या खात्यात पैसे घेते, आणि नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. तिला हिस्सा नको असेल, भावाला द्यायचा असेल, तर तो तिचा निर्णय. खुशाल हक्कसोडपत्र करावं. फक्त तो तिनं समजून-उमजून घेतलाय हे तुम्हाला तिच्या तोंडून कळलं पाहिजे. तिनं मुखत्यारपत्र देऊन भावालाच सही करायला लावायचं ठरवलं, तर ते नागपूरच्या दुय्यम निबंधकासमोर करून घेतलेलं असावं, त्यात हीच मिळकत आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा, आणि दस्ताच्या दिवशी ती हयात आहे आणि तिनं ते रद्द केलेलं नाही याची खात्री करा. मला विचाराल तर, नागपूरहून एक रात्र प्रवास करून येणं या सगळ्यापेक्षा सोपं.

तिघांशिवाय आणखी कुणी वारस नाही, हे कशावरून? एखादा भाऊ आधी वारला असेल आणि त्याची मुलं असतील, तर तीही वारस. रेशनकार्ड बघा, वारसांचं प्रतिज्ञापत्र घ्या. बँकेचे वकील कदाचित दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतील. तो मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ खाली मिळतो. इतका जुना कायदा आजही रोज वापरात आहे. दाखल्याला काही महिने जातात, तेव्हा विक्रेत्यांनी अर्ज आत्ताच करायला हवा.

तुमचे वकील पेपरात जाहीर नोटीस देतील, चौदा दिवसांत हरकती मागवतील. देऊ द्या, आवश्यक आहे. पण ती नोटीस पुण्याच्या आवृत्तीत येणार आणि बहीण राहते नागपुरात! नोटीस नागपूर आवृत्तीतही द्यायला लावा. त्याही आधी तिला फोन करा. विक्रेत्याकडून नंबर मागा आणि नंबर द्यायला तो का-कू करू लागला, तर तुम्हाला या व्यवहाराबद्दल बरंच कळलं असं समजा.

हरवलेल्या करारनाम्याचं मला बहिणीच्या खालोखाल महत्त्व वाटतं. १९९१चा करार नोंदवलेला असेल तर त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, तोही मिळतो. त्यामुळे कागद नसणं ही फार मोठी अडचण नाही. पण तो खरंच हरवलाय की कुठे ठेवलेला आहे? मूळ करारनामा बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवून कर्ज उचलण्याची पद्धत फार जुनी आहे आणि कायद्यानं ते पक्कं गहाण असतं. तुमच्या वकिलांना निबंधकाच्या दप्तरात या फ्लॅटच्या नोंदींचा निदान तीस वर्षांचा शोध (सर्च) घ्यायला सांगा, आणि केंद्र सरकारच्या सरसाई या नोंदवहीत या फ्लॅटवर बोजा आहे का तेही बघायला सांगा. किरकोळ फी भरून कुणालाही तिथे शोधता येतं. शिवाय कागद गहाळ झाल्याची पोलिसात तक्रार, पेपरात नोटीस आणि तिघांचं प्रतिज्ञापत्र. ही तिन्ही कामं विक्रेत्यांनी त्यांच्या खर्चानं करायची. झेरॉक्सवर नोंदणीचा क्रमांक आणि शिक्का दिसतोय का, ते आजच बघून ठेवा. दिसत नसेल, करार नोंदवलेलाच नसेल, तर तो वेगळाच आणि मोठा विषय आहे. तेव्हा वकिलांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ८ लाख रोख. ताई, यात तुमचा तोटाच तोटा आहे, तो रुपयांत मांडून दाखवते. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्यानं बंदी आहे, आणि घेणाऱ्याला जेवढी रक्कम तेवढा दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूनं बघा. घर फक्त तुमच्या नावे घेतलंत तर ८ लाखांवर सहा टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्काचे ४८ हजार वाचतील, तेही सरकारी बाजारमूल्य ५४ लाखांच्या आत असेल तरच, कारण शुल्क दोन्हींपैकी जास्त असेल त्यावर लागतं. उद्या तुम्ही घर विकायला काढाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर ५४ लाखच असेल. ते ८ लाख तुमचा नफा म्हणून मोजले जातील आणि सध्याच्या १२.५ टक्के दरानं त्यावर लाखभर रुपये कर बसेल. बँक कर्ज देणार ते ५४ लाखांवर. आणि व्यवहार मध्येच फिसकटला तर ते ८ लाख कुठल्या कागदावर मागणार? तुमच्या मिस्टरांचा पीएफ बँकेतून आला आहे, बँकेतूनच जाऊ द्या. पूर्ण ६२ लाखांचा करार करा. त्यांना मान्य नसेल तर हे घर तुमचं नव्हतं असं समजा.

सेक्रेटरींच्या दीड लाखाचं उत्तर थोडक्यात देते. शासनाच्या ऑगस्ट २००१च्या आदेशाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि १०० रुपये प्रवेश फी. देणगी, बिल्डिंग फंड, विकास निधी, नाव काहीही द्या, सक्तीनं घेता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. ती बँक मागते, म्हणून आपण मागतो. विक्रेत्यानं लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, पैसे चेकनं भरावेत, पावती घ्यावी. अडवणूक झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. सेक्रेटरींशी भांडू मात्र नका, त्याच जिन्यानं तुम्हाला रोज वर-खाली करायचंय. आदेशाची प्रत अर्जाला जोडलीत तरी बहुतेक वेळा भागतं. थकबाकी नसल्याचा दाखला त्यांच्याकडूनच घ्यायचाय, तो विसरू नका. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हेही त्यांनाच विचारा. १९९१ची इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाणार, आणि तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पैशाचा प्रश्न आहे म्हणून सांगते. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. निवासी घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६२ लाखांवर ६२ हजार रुपये. मिस्टरांचं नाव सोबत घातलं की ही सवलत जाते. नोंदणी फी ३० हजारांपुरतीच. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यामुळे विक्रेत्यांना पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तो सरकारात भरण्याची जबाबदारी तुमची आहे. विक्रेते तीन असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगवेगळा. आईंचा पॅन नसेल तर त्यांच्या रकमेतून २० टक्के कापावे लागतात, तेव्हा त्यांचा पॅन आधी काढून घ्यायला सांगा.

आता टोकन. ते द्यायला माझी हरकत नाही, पण तिघांच्या सह्या असलेल्या विसार पावतीवर आणि चेकनं. पावतीत हे यायला हवं: पूर्ण किंमत ६२ लाख, तिन्ही वारस दस्तावर सही करतील, साठ दिवसांत निर्वेध मालकी हक्काचे कागद देतील, आणि न दिल्यास किंवा बँकेच्या वकिलांनी नापसंत केल्यास पूर्ण विसार परत. २ लाखांऐवजी ५० हजार म्हणा. घर द्यायचंच असेल तर तेवढ्यावर थांबतात लोक. पुढे कर्जासाठी आधी साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, नोंदवाल, पण त्यावर थांबू नका. शेवटचा हप्ता देऊन खरेदीखत नोंदवून घ्या आणि मगच किल्ली घ्या. वर्षानुवर्षं साठेखतावर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. विक्रेता वारल्यावर त्याच्या मुलांना शोधत फिरताना त्यांचे फार हाल होतात.

राहिल्या त्या आजी. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे धरलेले असतील. नोंदणी कार्यालयात तासन्‌तास बाकावर बसवणं आणि अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत म्हणून पुन्हापुन्हा यंत्रावर बोट दाबायला लावणं, हे त्यांना सोसणार नाही. आजारी आणि वृद्ध व्यक्तींसाठी दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवतात, गृहभेट म्हणतात तिला. त्यासाठी अर्ज आणि जादा फी असते, ती तुम्ही भरा. नवऱ्यानं घेतलेलं घर विकलं जातंय आणि त्यातला तिसरा हिस्सा आपला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेलच असं नाही. दस्त मराठीतच करून घ्या, आणि त्या दिवशी तुमच्या वकिलांना सांगा की आजींच्या शेजारी बसून किंमत, त्यांचा हिस्सा आणि चेकचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या, की मगच कागद पुढे सरकवा.

तुमची,
वकीलताई